पाण्याक पाठ

नंबर मी मुद्दाम शोधला नव्हता.
सोसायटीच्या डिझेल पंपावर, उधारीच्या वहीखाली,
आशाताईंनी चिकटवलेला कागद,
दोन वर्षं त्यावर माझ्याच बोटांचे काळे डाग.
पाठ झालाय, हे रात्री पावणेतीनला कळलं.

एकदा लावून ठेवून दिला. परत लावला.
"राँग नंबर," मीच म्हणालो,
तिकडून कोणी काही बोलायच्या आत.
"आसांदे," बाई म्हणाली. "राँग तर राँग. बोला."
नाव विचारलं. सत्यवान.
क्षणभर थांबली.
त्या गोष्टीत पुढे काय होतं
ते दोघांनाही माहीत होतं.

मग मी बर्फाचा भाव सांगितला.
लादीमागे किती वाढले, पर्ससीनवाले
कसे पार किनाऱ्याला येऊन ओढून नेतात,
वहीत कोणाचे किती, आणि ते मला कसे मागवत नाहीत.
ती नुसतं "हं" म्हणत होती.
देवळात गाऱ्हाणं घालताना मागची माणसं
"व्हय म्हाराजा" म्हणतात ना,
तसं, दर वाक्यापाठी, हं.
देवाला दोनदा सांगून झालं होतं.
दोन्ही वेळा उजवा कौल.

वाक्यं संपली.
संपली तरी ती होती.
तेव्हा तोंडातून गेलं:
सकाळ होऊ नये असं वाटतं, बाई.

"जीव देवचो इचार येता?"

असं कोणी विचारतं? सरळ?
किती लिटर, तसं?
"व्हय," मी म्हणालो.
म्हाराजा म्हणायला पुढे कोणी नव्हतं.

"आता खंय आसात?"
"जेटीर."
"बसलात काय उभे?"
"उभो."
"बसा. पाण्याक पाठ करून बसा."

आमचा बापूस दर्याला पाठ दाखवायचा नाही.
होडी लावून घरी येताना वाळूतून तिरका चालायचा,
खेकड्यासारखा, एक डोळा मागे ठेवून.
लोक हसायचे.
मी बसलो. जाळ्यांच्या ओल्या ढिगाला टेकून,
पाण्याक पाठ करून, आणि गाव समोर आलं.

काही विशेष नव्हतं त्यात.
मासळी धुवायचा नळ ठिबकत होता.
टांडेलांच्या पोरीची बारावीची बत्ती.
एक मांजर बर्फाच्या पेटीवर.
आणि वर, माडांच्या मागे, आमच्या पडवीतला दिवा,
जो मी निघताना विझवला होता,
लागलेला.

ती बोलत राहिली. काय, ते आठवत नाही.
कुडाळचं कुत्रं तिच्या मागे भुंकत होतं
आणि इकडचं त्याला उत्तर देत होतं.
चारच्या सुमाराला स्कूटर आली.
हेल्मेट घातलेली फिलोमिना बाय
आणि मागे थर्मास छातीशी धरलेला पोरगा.
तो खवल्यांवरून घसरला, चहा वाचवला, कोपर फोडलं.
मीच त्याला हात देऊन उठवला.
फोन तोवर चालूच होता.

बरा झालो असं म्हणत नाही.
रात्रीची गोळी आहे, तोंड सुकतं.
वैजयंती माझ्या आधी झोपत नाही अजून.
मंगळवारी बालवाडीत बसतो आम्ही,
त्या एवढ्याशा खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला.
डॉक्टर कधी येतो, कधी गाडी बंद पडते.
दुसऱ्या मंगळवारी शेजारच्या खुर्चीत
देवळातला गुरव.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
उजवा की डावा, मीही विचारलं नाही.
फक्त खुर्ची थोडी सरकवली,
त्याच्या पायांना जागा नव्हती.

पंपावरच्या कागदाचा शेवटचा आकडा
डिझेलने गेला होता.
पेनाने परत काढला, दोनदा गिरवून.
उधारीची वही हल्ली
खिडकीत ठेवतो.